अलकाच्या खुणा

जयकुमार मगदूमने आयुष्यात दोनच गोष्टी महिनाभर चौकशी करून घरात आणल्या. एक स्कूटर आणि दुसरा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम. लग्नाच्या बाबतीत चौकशीला वेळच मिळाला नाही. आचऱ्याची अलका मिरजेला लॅबचा कोर्स करायला आली होती, तिने रक्त तपासण्यासाठी याच्या बोटाला सुई टोचली आणि पुढचं सगळं पंधरा दिवसांत ठरून गेलं. जैनाच्या घरात कोकणातली सून म्हटल्यावर सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. मग त्यांनी अलकाला समोर बसवून सांगितलं, "मासे सोडायचे असतील तर ये." अलकाने एक रात्र विचार केला आणि सोडले. या गोष्टीला आता, म्हणजे २०३८ साली, सदतीस वर्षं झाली होती.

प्रोग्रॅमची गरज पडली ती मुलीमुळे. केतकी कोल्हापुरात एका शाळेत विज्ञान शिकवत होती. अकरा वर्षांची नोकरी, पर्यवेक्षकपदासाठी तिचंच नाव पुढे होतं आणि आयत्या वेळी ते पद दुसऱ्याला गेलं. कारण विचारायला गेली तर संस्थेचे सचिव म्हणाले, "मॅडम, तुम्ही वर्षभरात परदेशी जाणार, असा आमच्याकडे अहवाल आहे." हा अहवाल 'सोबती'चा होता.

सोबती हा खुणा ठेवायचा प्रोग्रॅम, सगळेच तो वापरत. इंटरनेटवर एखादं पान आवडलं, नंतर वाचावंसं वाटलं, की बोट दाबून त्याची खूण ठेवायची. खुणांची वर्गवारी सोबती आपणहून करायचा. केतकीने कॅनडातल्या नोकऱ्यांची अठरा पानं ठेवली होती. तिच्या एका मैत्रिणीला जायचं होतं म्हणून. सोबतीला मैत्रीण दिसली नाही, केतकी दिसली.

त्यामागचं शास्त्र फारसं अवघड नव्हतं. माणूस शोधतो ती त्याची आत्ताची तहान असते. पण 'नंतर वाचू' म्हणून जे बाजूला ठेवतो, ते त्याला उद्या काय व्हायचं आहे त्याबद्दल असतं. ते तो कुणाला सांगत नाही, पुष्कळदा स्वतःलाही नाही. संशोधकांनी प्रत्येक ठेवलेल्या पानाच्या अर्थाला आकड्यांत बसवलं. जवळच्या अर्थाची पानं नकाशावर जवळ पडली, लांबच्या अर्थाची लांब. मग महिन्यामागून महिना या ठिपक्यांचा मध्य कुठे सरकतो ते पाहिलं. गावाबाहेरची पायवाट कुणी आखत नाही, पाय पडत जातात तशी ती पडते, तसंच हे. या सरकण्याला त्यांनी नाव दिलं ओढ. ओढीवरून माणूस घर बदलणार, नोकरी सोडणार की धर्म, हे तो स्वतः ठरवायच्या दोन-तीन महिने आधी सांगता येऊ लागलं. दर वेळी बरोबर येत नसे, पण अहवाल विकत घेणाऱ्यांना तेवढं पुरत होतं.

"आता आपल्या खुणा आपल्या घरात राहणार," असं जयकुमारने जाहीर केलं. टेलिफोन खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, यंत्र दिसलं की त्याचे हात शिवशिवायचे. ओपन सोर्सवाल्यांच्या जगात असे प्रोग्रॅम खंडीभर होते. कुणीही उघडून आतली घडण पाहावी, आपल्याच यंत्रावर चालवावा, कुणाला विचारायला नको. महिनाभर जेवणाच्या टेबलावर दुसरा विषय नव्हता.

"हा टाचणी नावाचा बघ. अगदी हलका. पण नुसता पत्ता लिहून ठेवतो. मूळ पान गेलं की आपल्या हातात नुसता पत्ता. फडताळ अख्खं पान उतरवून ठेवतो, आणि ज्याच्या त्याच्या पानांना ज्याचं त्याचं कुलूप. आणि हा खूणगाठ..."

"अहो, एवढा अभ्यास दहावीला केला असतात तर कलेक्टर झाला असतात," अलका उप्पीट वाढत म्हणाली.

"तेव्हा विषय असे नव्हते."

शेवटी खूणगाठ ठरला. तो पानंही उतरवायचा, रोज सकाळी 'विसरलात का?' म्हणून प्रत्येकाला त्याची जुनी पाच पानं पुढे करायचा, आणि शिवाय ओढ घरच्या घरी मोजायचा. आपली ओढ आपल्यालाच कळली तर वाईट काय, असं जयकुमारला वाटलं. माहितीपुस्तिकेत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: एकाहून जास्त माणसं वापरणार असतील तर ओढ मोजणं बंद ठेवा, कारण यंत्र सांभाळणाऱ्याला सगळ्यांचं दिसतं. केतकीनेही फोनवर तेच सांगितलं.

"बाबा, तो भाग बंद करा हं."

"अगं, परक्यांसाठी लिहिलंय ते. घरात कसली कुलपं?"

त्यांच्या घरात खरोखरच कुलपं नव्हती. कपाटाची किल्ली कपाटालाच लटकलेली असे, बँकेचं पुस्तक फ्रिजवर पडलेलं असे. कुणी कुणापासून काही लपवत नाही, ही मगदुमांची जुनी मिरवण्याची गोष्ट होती. त्यामुळे तो भाग चालू राहिला.

इन्व्हर्टरशेजारी जेवणाच्या डब्याएवढं यंत्र बसलं. तिघांची खाती उघडली, केतकीचं कोल्हापुरातून चालणारं. सगळ्यांत जास्त वापर अलकानेच केला. ती वर्षापूर्वी हॉस्पिटलच्या लॅबमधून निवृत्त झाली होती आणि दुपारी तिचा वेळ जाता जात नव्हता. "तुमचा डबा बरा आहे," ती म्हणायची. याहून मोठं प्रशस्तिपत्र त्याला तिच्याकडून कधी मिळालं नव्हतं.

आठ महिन्यांनी एका सकाळी, यंत्रात जागा किती उरली ते बघायला म्हणून जयकुमारने सांभाळणाऱ्याचं पान उघडलं. तिथे तिघांची नावं होती आणि प्रत्येकापुढे एक बाण. त्याचा स्वतःचा बाण जवळजवळ ठिपकाच होता. यंत्राच्या मते या गृहस्थाला कुठेही जायचं नव्हतं. केतकीचा बाण आखूड होता. अलकाचा पडद्याच्या कडेला टेकला होता. खाली लिहिलं होतं: निवासबदल, किनारपट्टी, एकटीने. शक्यता एक्क्याऐंशी टक्के. सहा महिन्यांच्या आत.

'एकटीने' हा शब्द त्याने तीनदा वाचला.

टेलिफोन खात्यात एक शिस्त होती. लाइन तपासताना रिसीव्हर कानाला लावावाच लागे आणि चालू बोलणं कानावर येई. खरखर ऐकायची, बोलणं ऐकायचं नाही, असं त्याच्या पहिल्या साहेबांनी शिकवलं होतं आणि पस्तीस वर्षं त्याने ते पाळलं. आत्ताही तो स्वतःला म्हणाला, मी फक्त बाण पाहिला, पानं उघडणार नाही. चहा पिऊन झाल्यावर त्याने ती उघडली.

आचऱ्याच्या खाडीवर कांदळवनाची रोपवाटिका होती, तिथे सूक्ष्मदर्शकावर काम करू शकणारं माणूस हवं होतं. बायकांच्या एका संस्थेची भाड्याची खोली होती, मागे विहीर असलेली. भरती-ओहोटीचं वेळापत्रक होतं. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं कसं करायचं, ते होतं. आणि 'साठीनंतर एकटं राहताना' नावाचा एक लेख, तो तिने तीन वेगवेगळ्या दिवशी ठेवला होता.

जयकुमार घाबरला. मग त्याला राग आला, आणि राग ओसरल्यावर पुन्हा भीती उरली. स्वयंपाकघरात ती कढीला फोडणी देत होती, नेहमीसारखीच. इतक्या जवळ उभं असलेलं माणूस इतकं लांब गेलेलं असू शकतं, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. सरळ जाऊन विचारावं, तर काय विचारणार? तुझी पानं मी वाचली, असं सांगूनच सुरुवात करावी लागली असती.

दुसऱ्या दिवशी त्याने आडून विचारून पाहिलं.

"अलका, तू केतकीकडे जातेस ना, तिकडे मासे खात जा. माझी काही हरकत नाही."

अलकाने हातातला झारा खाली ठेवला. "तुम्हाला बरं नाही का?"

"तसं नव्हे. आई जाऊनही बारा वर्षं झाली. तुला वाटत असेल कधी..."

"सदतीस वर्षांनी विचारताय," ती म्हणाली आणि हसली. त्या हसण्याचा अर्थ त्याला लागला नाही. प्रश्न माशांचा असता तर किती बरं झालं असतं, एवढंच त्याला वाटलं.

मग त्याने ते केलं. रोज सकाळी पुढे येणारी पाच पानं कुठली, हे यंत्र प्रत्येक पानाच्या वजनावरून ठरवायचं, आणि वजन बदलणं सांभाळणाऱ्याच्या हातात होतं. त्याने काहीही पुसलं नाही. पुसणं त्याला पाप वाटलं असतं. खाडी, खोली, कांदळवन यांचं वजन त्याने फक्त शून्यावर आणलं, शोधातही ती सगळ्यांत खाली ढकलली. तिनेच कधीतरी ठेवलेलं मिरजेतलं भजनी मंडळ, केतकीच्या लहानपणच्या मिरजेची जुनी छायाचित्रं, गुडघेदुखीवरचे व्यायाम, जोडप्याने करायच्या सहली यांचं वजन वाढवलं. पायवाटेवर काटे टाकले नव्हते त्याने, नुसती दुसरी वाट झाडून ठेवली होती. निदान स्वतःशी तो असंच म्हणत होता.

आणि आकडा उतरू लागला. पंधरा दिवसांत चौसष्ट, महिन्यात चाळीस, दोन महिन्यांत बारा. बारा दिसले त्या सकाळी तो स्वतः जाऊन जिलेबी घेऊन आला.

"कशाबद्दल?" अलकाने विचारलं.

"सहज."

तिने अर्धी जिलेबी खाल्ली आणि म्हणाली, "अहो, तुमच्या डब्यात काही बिघडलंय का? मी ठेवलेलं मला सापडत नाही."

"जुनं झालं की मागे पडतं."

"मागे म्हणजे कुठे? शोधलं तरी येत नाही. तुम्ही बघाल जरा?"

"बघतो," जयकुमार म्हणाला. सदतीस वर्षांत तो तिच्याशी बारीकसारीक खोटं बोलला असेल, पण हे तसलं नव्हतं हे त्याला बोलतानाच कळलं. हातातली जिलेबी त्याने परत पुड्यात ठेवली.

गुरुवारी केतकी आली. तिला दुसऱ्या शाळेत जागा मिळाली होती, पर्यवेक्षक म्हणूनच. पेढे ठेवून ती बापाच्या पाया पडली. "बाबा, तुमच्यामुळे झालं. नव्या लोकांना माझ्याबद्दल काही विकत मिळालंच नाही, त्यांना मलाच विचारावं लागलं! माझं म्हणणं ऐकून त्यांनी ठरवलं." मग आईकडे वळून म्हणाली, "आई, आपल्या घरात तरी कुणाची नजर नाही आपल्यावर."

अलकाने मान डोलावली. जयकुमारला पेढा तोंडात धरून बसावं लागलं. चोराला साव म्हणून ओवाळावं आणि त्याने ताटातली ज्योत बघत राहावं, तशी त्याची गत झाली. पोरगी बसस्टँडकडे गेली, आणि दार लोटून घेताच तो अलकासमोर खुर्ची ओढून बसला. सगळं सांगितलं. बाण, एक्क्याऐंशी, पानं, वजनं, जिलेबी. काही राखून ठेवलं नाही.

अलका रडेल किंवा ओरडेल असं त्याला वाटत होतं.

"बारा टक्के झाले म्हणालात?" तिने विचारलं.

"हो."

"कुठल्या तारखेला?"

त्याने सांगितली.

"त्याच्या आदल्या आठवड्यात मी खाडीवरच्या रोपवाटिकेला कळवलं की मी येते. चार ओळी लिहून पोस्टाने पाठवल्या. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून, दोन वर्षांसाठी. आज-उद्या तुम्हाला सांगणारच होते, धीर गोळा करत होते."

"पण यंत्र तर..."

"ठरलं की कोण खुणा ठेवतं, अहो? मनात ठरलं तेव्हापासूनच मी ठेवणं बंद केलं होतं. त्याला वाटलं हिची हौस फिटली."

ती सावकाश बोलत होती, लॅबमध्ये रिपोर्ट समजावून सांगावा तशी.

"खरं सांगू? मी जाणार नव्हते. दुपारची एक-दोन पानं ठेवायची, सकाळी ती पुढे आली की बघायची, तेवढ्यात माझं भागत होतं. विहिरीवाली खोली रोज बघायचे आणि पोळ्या लाटायला घ्यायचे. असं पुढची दहा वर्षं चाललं असतं. मग एका सकाळी खोली आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सगळीकडे शोधली. आणि शोधता शोधता मला इतकं रडू आलं, की माझं मलाच नवल वाटलं. एका खोलीच्या फोटोसाठी! तेव्हा कळलं मला, की जायचंच आहे."

"म्हणजे मीच..."

"हो, तुम्हीच." आता तिचा आवाज चढला. "पण त्याबद्दल तुमचे उपकार मानायची नाही मी. सासूबाईंनी मासे सोडायला सांगितलं ते तोंडावर सांगितलं. हो म्हणायचं की नाही, ते माझ्या हातात ठेवलं. मी हो म्हटलं, आणि एकदाही त्याचा बोल लावला नाही कुणाला. तुम्ही मात्र माझ्या मनात हात घालून सामान हलवलंत. मला विचारलंसुद्धा नाहीत. विचारलं असतंत तर कदाचित मी राहिलेही असते."

त्याच दुपारी त्याने ओढ मोजणं कायमचं काढून टाकलं, मोजलेले आकडे पुसले आणि पानांची वजनं होती तशी केली. अलका गॅलरीत फोनवर बोलत होती. "होय गो, मी येतंय," असं म्हणताना त्याने ऐकलं. ती बोली तिच्या तोंडून ऐकून कित्येक वर्षं झाली होती.

जायच्या आधीच्या आठवड्यात तिने त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली. "मला माझा वेगळा डबा करून द्या. तुमच्यासारखं करायला दुसरं कोणी नाही मला माहीत."

या वेळी निवड तिची होती आणि ती फार थोडक्यात आटोपली. तिचे प्रश्न तीनच होते. पान गेलं तरी माझ्याकडे राहील का? किल्ली कुणाकडे? आणि तुम्ही मनात आणलंत तर उघडू शकाल का?

"फडताळ घेतलास तर नाही. किल्लीशिवाय आतलं मला नुसतं कचऱ्यासारखं दिसेल."

"मग तोच."

"पण अलका, किल्ली विसरलीस तर तुझं तुलाही उघडणार नाही. आणि उद्या तुझं काही बरंवाईट झालं, तर केतकीच्या हातात एक पान लागणार नाही."

"नाही लागणार," ती शांतपणे म्हणाली.

कुणालाच दुरुस्त करता येणार नाही अशी लाइन टाकणं हे त्याच्या जन्मभराच्या धंद्याविरुद्ध होतं. तरी त्याने ती टाकली, नीट टाकली, दोनदा तपासली. किल्लीचे शब्द लिहायची वेळ आली तेव्हा तो न सांगता उठला आणि गॅलरीत जाऊन तुळशीला पाणी घालू लागला. सकाळी घातलेलं होतं, तरी घातलं.

एक तारखेला सकाळी तो तिला मिरजेच्या स्टँडवर सोडायला गेला. मालवणच्या गाडीत तिला खिडकीची जागा मिळाली. सामान वर चढवलं, नव्या डब्याची पिशवी तिने मांडीवरच ठेवली. तो खाली उतरून खिडकीखाली उभा राहिला. कंडक्टर तिकिटं फाडत होता.

"औषधाचा डबा ओट्याच्या वरच्या फळीवर आहे," अलका म्हणाली. "आणि उप्पिटाला रवा आधी भाजा, नाहीतर लगदा होतो."

"हो."

"अजून काही म्हणायचंय का?"

त्याला पुष्कळ म्हणायचं होतं. आठवडाभर तो मनाशी जुळवाजुळव करत होता, तिला वाईट वाटू नये असं, आपण केविलवाणे दिसू नये असं. त्यातलं एकही वाक्य आता कामाचं वाटेना. ड्रायव्हर चढला, गाडी थरथरायला लागली.

"अलका, परत येशील?" त्याने विचारलं.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज स्थिर होता.

"आत्ता नाही सांगता यायचं. पण विचारलंत ना, मग विचार करीन."

गाडी वळून स्टँडबाहेर पडली आणि कोल्हापूरच्या रस्त्याला लागली. जयकुमार फलाटावर उभा राहिला. ती येईल की नाही, हे त्याला माहीत नव्हतं, आणि ते बघायला आता कुठला बाणही उरला नव्हता.